पांझरेचें पाणी आणि फडाची वाटणी

आपल्या मंडळाच्या ज्या सभासदांच्या जमिनी साक्री व धुळें तालुक्यांत आहेत, त्यांस पांझरा नदीची ओळख करून देण्याचें कारण नाहीं. परंतु नेहमींच्या ओळखीच्या माणसाची विचारपूस जशी आपल्या हातून राहून जाते, तसेंच ओळखीच्या नदीचेंही होतें. तिचें वळण कसें आहे, तिच्या पाण्याची जुनी वहिवाट काय होती आणि ती वहिवाट कोणत्या वाटेनें मोडत गेली, हें एके ठिकाणीं मांडलेलें सहसा वाचनांत येत नाहीं. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांत सुमारें तीस वर्षें कारकुनी केली व त्यांतील बरींच वर्षें ह्याच खोऱ्याचीं दप्तरें हाताळण्यांत गेलीं. इंजिनियराचें ज्ञान मजजवळ नाहीं. पण कोणत्या जमिनीस पाटस्थळ म्हणून आकार बसला आहे आणि कोणत्या फेरफारानें कोणाचें पाणी कोणाकडे गेलें, एवढें कळण्याइतकी विद्या सात-बारा लिहितां लिहितां येते. त्याच लेखणीनें माझ्या हातून एक चूकही झाली. ती पुढें सांगणार आहें; किंबहुना तिच्याचमुळें हा लेख लिहावयास घेतला आहे.

पांझरा साक्री तालुक्याच्या पश्चिम टोंकास, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर उगम पावते. पिंपळनेर व सामोडें हीं गांवें घेऊन ती पूर्वेस वाहूं लागते. साक्रीवरून येणारी कान नदी तीस वाटेंत मिळते. पुढें नेर गांवावरून धुळें शहरापर्यंत तिचें तोंड पूर्वेकडेच असतें. पण धुळें ओलांडल्यावर ती उत्तरेकडे वळते आणि न्याहळोद, बेटावद असा मार्ग करीत मुडावद येथें, कपिलेश्वराच्या देवळापाशीं, तापीस मिळते. नकाशावर पाहिल्यास काटकोन केल्यासारखें दिसतें.

हिच्या खोऱ्याची खरी खूण पावसांत आहे. उगमाकडील डोंगरांत पाऊस भरपूर पडतो. धुळ्यास येईतों तो वर्षाकाठीं ५५० ते ६०० मिलिमीटरांवर, म्हणजे २२ ते २४ इंचांवर येतो. तोही चार महिन्यांत, व त्या चार महिन्यांतही मोजक्या दिवसांत. खालच्या अंगास केवळ आभाळावर विसंबणाऱ्यास बाजरी, ज्वारी व कपाशी यांपलीकडे फारसें कांहीं करतां येत नाहीं, व तींही पदरीं पडतील याची हमी नाहीं. अशा प्रदेशांत गव्हाचीं व उसाचीं हिरवीं शेतें जीं शतकानुशतकें उभीं राहिलीं तीं नदीमुळें. नदी म्हणजे डोंगरानें मैदानाच्या नांवें काढलेली हुंडीच होय. ती ज्या गांवानें वेळेवर वटविली, त्या गांवचा रबी साधला.

ही हुंडी कधीं कधीं एकदमच अंगावर येते. सप्टेंबर १८७२ मध्यें पांझरा व गिरणा या दोन्ही नद्यांस जो महापूर आला, त्यांत एकट्या धुळ्यांत ५०० हून अधिक घरें वाहून गेलीं. ऑगस्ट २०१९ मध्येंही शहरांतील पूल पाण्याखालीं गेल्याचें आपणांपैकीं अनेकांनीं पाहिलें आहे. पावसाळ्यांत पूल बुडविणारी हीच नदी हल्लीं फाल्गुनांत पाहिली तर गुरांस पिण्यापुरतीं डबकीं तेवढीं दिसतात.

जमिनीच्या पोटाबद्दलही दोन शब्द सांगितले पाहिजेत. धुळें व नंदुरबारच्या प्रदेशांत काळ्या खडकास चिरून वर आलेल्या कठीण दगडाच्या लांबच लांब भिंती जागोजाग दृष्टीस पडतात. भूगर्भशास्त्रज्ञ त्यांस डाईक म्हणतात. अशी भिंत जमिनीखालींही गेलेली असते व भूगर्भांतील पाण्याची वाट अडविते. म्हणून कांहीं ठिकाणीं तिच्या एका अंगास विहिरीस पाणी लागतें, तर पलीकडे थोड्याच अंतरावर कोरडा खडक. विहीर खणतांना शेजाऱ्याच्या विहिरीवरून अंदाज बांधणाऱ्यांनीं हें लक्षांत ठेवावें. नदीच्या पात्रांत जेथें टणक खडक आडवा आला आहे तेथें बंधाऱ्यास पाया मिळतो. जुन्या लोकांजवळ यंत्रें नव्हतीं. परंतु बंधारा कोठें टिकेल हें त्यांस चांगलें ठाऊक होतें.

आतां फडाकडे वळूं. कोल्हापूर-साताऱ्याकडील वाचकांस फड म्हटला कीं उसाचा फड आठवेल, किंवा कुस्तीचा. पांझरेच्या खोऱ्यांत, तसेंच शेजारच्या मोसम व आरम या नद्यांच्या कांठीं, फड म्हणजे एका पाटाखालीं एकत्र भिजणारा जमिनीचा सलग पट्टा. ही पद्धत तीनचारशें वर्षांची जुनी मानली जाते. नदींत बंधारा घालून पाणी अडवावयाचें, तें कालव्यानें गांवच्या शिवारांत आणावयाचें, कालव्यांतून चाऱ्यांत, चाऱ्यांतून सारंगांत व सारंगांतून प्रत्येकाच्या वावरांत. जास्त झालेलें पाणी सांडव्यानें पुन्हां नदीस जातें. कालवे दोन किलोमीटरांपासून बारा किलोमीटरांपर्यंत लांबीचे आढळतात. कोठें फड पंचवीस एकरांचा, तर कोठें पांचशें एकरांचा. गांवची जमीन व नदीची ताकद पाहून पूर्वजांनीं तो आंखलेला असतो.

येथपर्यंत यांत नवल कांहीं नाहीं. बंधारे व पाट इतरत्रही आहेत. विशेष आहे तो नेमांत. एका फडांत एका हंगामास एकच पीक घ्यावयाचें. समजा गांवास चार फड आहेत. तर एकांत ऊस, दुसऱ्यांत खरिपाचें पीक, तिसऱ्यांत गहू-हरभरा, व चौथा पडीत किंवा पावसावर सोडलेला. आणि दरवर्षीं हे फड आळीपाळीनें फिरावयाचे. कोणत्या फडांत काय लावावयाचें हें हंगामाच्या आधीं सर्व खातेदार एकत्र बसून नदीचें पाणी पाहून ठरवीत. माझें शेत आहे, मी त्यांत वाटेल तें पेरीन, असें फडांत चालत नसे.

यांत शहाणपण किती होतें तें शेतकऱ्यास विस्तारानें सांगण्याची जरूर नाहीं, तरी एक दोन गोष्टी सांगतों. गव्हास पेरणीनंतर सुमारें तीन आठवड्यांनीं, मुकुटमुळें फुटतांना, पाणी मिळालेंच पाहिजे. पुढें फुटवे, कांडें, फुलोरा व दाणा भरण्याच्या वेळीं. एकंदर पांचसहा पाण्यांत गहू पार पडतो. सर्व फड गव्हाचा असल्यामुळें सर्वांची गरज एकाच सुमारास येते, चारी एकदां भरली कीं ओळीनें सर्व वावरें भिजतात आणि पाणी मागें-पुढें धांवण्यांत आटत नाहीं. शेवटचें पाणी झालें कीं सगळा फड एकदमच वाळावयास लागतो. याच फडांत मध्येंच कोणाचा ऊस असता, तर गव्हाची कापणी चालूं असतां त्या एका तुकड्यासाठीं चारी ओली ठेवावी लागली असती. शिवाय पीक बदलत गेल्यामुळें कोणतीही जमीन वर्षानुवर्षें पाण्याखालीं राहत नसे. नीरेच्या डाव्या कालव्याखालीं भरमसाट पाण्यानें चांगल्या जमिनी खारवट व पाणथळ झाल्या, तो रोग फडाच्या गांवांत सहसा शिरला नाहीं.

सर एम. विश्वेश्वरय्या हे १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत सहायक इंजिनियर म्हणून लागले. त्यांच्या नोकरीच्या अगदीं आरंभीच्या कामांपैकीं एक आपल्याच पांझरेवरचें आहे. साक्री तालुक्यांतील दातर्ती गांवाजवळ पाटाचें पाणी नळाच्या सायफननें पलीकडे नेण्याचें काम त्यांच्याकडे आलें होतें व तें त्यांनीं पुरें केलें. पुढें याच विश्वेश्वरय्यांनीं दख्खनच्या कालव्यांवर ब्लॉक पद्धत आणली. तींत शेतकऱ्याच्या ठराविक क्षेत्रापैकीं एक हिस्सा ऊस व बाकीच्यांत हंगामी पिकें, आणि उसाची जागा दरवर्षीं बदलती. फड पाहिलेल्या माणसास ही रचना परकी वाटत नाहीं. दोन्हींत फरक इतकाच कीं, ब्लॉकांत पाण्याचा करार सरकार व शेतकरी यांच्यांत होतो, आणि फडांत तो शेतकऱ्याशेतकऱ्यांत होतो.

फडाची नोकरमाणसेंही गांवचींच. वर देखरेखीस हवालदार, कालव्याचें पाणी चाऱ्यांत सोडण्यास पाटकरी, प्रत्यक्ष वावरांत पाणी धरण्यास बारेकरी व पीक राखण्यास जागल्या. त्यांस मोबदला बहुतेक धान्याच्या रूपानें मिळे. खातेदारानें स्वतः दार उघडून पाणी घ्यावयाचें नाहीं. पाटील असो वा दोन बिघ्यांचा धनी असो, पाणी बारेकऱ्यानेंच धरावयाचें. हंगामापूर्वीं कालव्यांतील गाळ काढणें व बंधाऱ्याची डागडुजी हें ज्याच्या त्याच्या जमिनीच्या प्रमाणांत सर्वांकडे असे. एका म्हाताऱ्या पाटकऱ्यास मीं एकदां विचारलें, “आबा, ह्या वावराचा पाण्याचा हक्क कोठें लिहिलेला आहे?” त्यानें माझ्याकडे कींव केल्यासारखें पाहिलें आणि म्हणाला, “भाऊसाहेब, पानी फडनं शे, वावरनं नही.” अहिराणी न समजणाऱ्यांसाठीं सांगतों: पाणी फडाचें आहे, वावराचें नव्हे. त्या वेळीं मला हें अडाण्याचें बोलणें वाटलें.

आतां मुख्य मुद्द्यावर येतों. फडाच्या गांवांत बहुतेक जुन्या खातेदारांच्या जमिनी एकत्र नसत. आठ एकरांचा मालक असला तर दोन एकर पहिल्या फडांत, दोन दुसऱ्यांत, दोन तिसऱ्यांत, दोन चौथ्यांत. आम्हां कारकुनांस ह्या प्रकाराचा मोठा तिटकारा. तुकडा म्हटला कीं एक निराळी ओळ, निराळा आकार, निराळी हद्द आणि निराळें भांडण. शेतकीच्या पुस्तकांतही तुकडेबंदी हा आपल्या शेतीचा मोठा दोष म्हणून सांगितलेला असतो, आणि सर्वसाधारणपणें तो आहेच. त्यासाठींच १९४७ सालीं मुंबई सरकारनें जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करणारा व तुकड्यांचें एकत्रीकरण करणारा कायदा केला. जिराईत गांवांस तो हितावह होता, यांत मला शंका नाहीं.

परंतु फडाच्या गांवांत हा तुकडा म्हणजे विमा होता. पाऊस कमी झाला व बंधाऱ्यावर चारऐवजीं दोनच फडांस पुरेल इतकें पाणी असलें, तर गांव बसून ठरवी कीं यंदा पहिला व तिसरा फड भिजवावयाचा, बाकीचे सोडावयाचे. वर सांगितलेल्या आठ एकरवाल्याचे चार एकर भिजत, व चाळीस एकरवाल्याचे वीस. दोघांचेंही निम्में बुडालें, पण दोघांच्याही घरीं दाणे आले. म्हणून अवर्षणाच्या सालीं पाण्यावरून डोकीं फुटत नसत. कारण जो फड सोडला त्यांत ठराव करणारांचीही जमीन असे. कालव्याच्या तोंडाशीं असणारा व शेपटाशीं असणारा असा जो भेद आज प्रत्येक मोठ्या कालव्यावर दिसतो, तोही येथें बोथट होई, कारण एकच मनुष्य एका फडांत तोंडाशीं तर दुसऱ्यांत शेपटाशीं असावयाचा. आतां त्याच गांवांत एकाची सबंध आठ एकर जमीन एकाच फडांत गोळा झाली असें समजा. तो फड भिजला तर त्याचें सगळें पिकलें. सुटला तर त्याच्या घरीं कणगी रिकामी. आणि ज्यांचें सगळें भिजणाऱ्या फडांत आहे, ते पुढच्या बैठकीस कोणता फड सोडा म्हणतील हें सांगावयास नको.

माझी चूक येथेंच आहे. तहसिलींत माझ्याकडे वाटपाचीं प्रकरणें होतीं. जमीन महसूल संहितेच्या ८५ व्या कलमान्वयें एकत्र कुटुंबाच्या जमिनीची सरस-निरस मानानें वाटणी करण्याचा तक्ता तयार करावा लागतो. फडाच्या एका गांवांतील दोन सख्ख्या भावांचें प्रकरण आलें. चार फडांत मिळून त्यांच्या वडिलांची दहा एकर जमीन. दोघांत वैर नव्हतें, संमतीचाच मामला होता. दोघांनीं प्रत्येक फडांतील तुकडा निम्मा निम्मा मागितला असता, तर एकएकाचे वाट्यास सव्वा सव्वा एकराचे चार तुकडे येते. मींच त्यांस सुचविलें कीं, असे फाडण्यापेक्षां एकानें वरचे दोन फड घ्यावेत व दुसऱ्यानें खालचे दोन. बैलांची ये-जा वांचेल, राखण सोपी होईल, आणि कायद्याच्या दृष्टीनेंही चांगलें. जमिनीची प्रत सारखी, आकार जवळजवळ सारखा. थोरला म्हणाला, “भाऊसाहेब म्हणतात तर तसंच करा.” धाकटा कांहीं बोलला नाहीं. तक्ता सुबक झाला. साहेबांनीं सही केली, फेरफार मंजूर झाला, आणि मीं मनाशीं समाधान मानलें.

तीनएक वर्षांनीं पाऊस हुकला. गांवानें वरचे दोन फड भिजवावयाचे ठरविलें. नदीचें पाणी खालपर्यंत पोंचणारच नव्हतें, तेव्हां ठरावांत अन्याय असा नव्हता. थोरल्याचा गहू झाला. धाकट्याचें पांच एकर एकजात कोरडें राहिलें. तो कचेरींत आला, भांडावयास नव्हे, माझ्या टेबलाशीं उभा राहून म्हणाला, “भाऊसाहेब, तुमच्या कागदांत क्षेत्र आहे, आकार आहे, हद्द आहे. पाणी कोणत्या रकान्यांत आहे तेवढं दाखवा.” मीं तक्ता काढला. रकाना नव्हता. कायद्यानें मी कोठेंही चुकलों नव्हतों, आणि त्याला द्यावयास माझ्याजवळ उत्तरही नव्हतें.

पुढें त्यानें काय केलें तें सांगणें जरूर आहे, कारण बहुतेक फड याच वाटेनें मोडले आहेत. त्यानें कर्ज काढून खालच्या फडांत, कालव्याच्या कडेस, विहीर खणली व विजेचा पंप बसविला. विहिरीस पाणी लागलें. तें अर्थात् कालव्याचें व वरच्या फडांचें मुरलेलेंच. कर्ज फेडावयाचें तर गव्हानें फिटेना, म्हणून गव्हाच्या फडांत त्यानें ऊस लावला. हवालदारानें हरकत घेतली. त्यानें उलट सांगितलें, पाणी माझ्या विहिरीचें आहे, फडाचें नव्हे. त्यास काय म्हणणार? वर्षादोनवर्षांत शेजाऱ्यानें विहीर खणली, मग थोरल्या भावानेंही. ज्याच्याजवळ विहीर झाली त्यास कालव्याचा गाळ काढण्यांत गोडी राहिली नाहीं. पाटकऱ्यास धान्य देण्याची टाळाटाळ होऊं लागली. गाळ न निघाल्यामुळें कालव्याचें पाणी कमी झालें, त्यामुळें मुरणारेंही कमी झालें, आणि अखेर विहिरींचेही तळ दिसूं लागले. एका वाटणीनें फड मोडला असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. पण त्या गांवांत पहिली विहीर कां पडली तें मला ठाऊक आहे.

इतर कारणेंही आहेत, तीं थोडक्यांत सांगतों. वरच्या अंगास लाटीपाडा, मालनगांव व जामखेली हीं धरणें झालीं. खालीं अक्कलपाड्याचें झालें. धरणांमुळें साठा वाढला व धुळें शहराच्या पाण्याचीही सोय झाली, हें खरें. परंतु जुन्या बंधाऱ्यांस पूर्वीं जो नदीचा अखंड झरा मिळे, तो आतां खात्याच्या आवर्तनावर अवलंबून राहिला. आणि आवर्तन हें फडाच्या बैठकीस विचारून सुटत नाहीं. नदीकांठच्या शेकडों पंपांनीं कांठची पाणपातळी खालीं नेली, त्यामुळें दिवाळीनंतर नदीस बाजूनें मिळणारा पाझर आटला. उसाची गोष्ट तर विचारूंच नये. भाडणें येथें पांझरा-कान सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हां प्रत्येकास ऊस हवा झाला. पुढें कारखाना अनेक वर्षें बंद राहिला. मी उसाचा शत्रू नाहीं. फडांतही ऊस होताच, पण त्याच्या फडांत, त्याच्या वर्षीं.

पुरंदर तालुक्यांत नायगांव येथें कै. विलासराव साळुंखे यांनीं १९७० नंतरच्या दुष्काळाच्या अनुभवावरून पाणीपंचायत चालविली. तींत पाणी जमिनीवर न देतां माणशीं अर्ध्या एकरास, व कुटुंबास जास्तींत जास्त अडीच एकरांस दिलें जाई, आणि ऊस वर्ज्य असे. ती नवी घडण होती. फडाची जुनी घडण निराळ्या वाटेनें त्याच ठिकाणीं पोंचली होती: तुटीचा वाटा सर्वांनीं उचलावयाचा. साळुंख्यांस हें एकएका गांवास पटवून द्यावें लागलें. आपल्या खोऱ्यांत तें आजोबा-पणजोबांच्या काळापासून चालत होतें, आणि आपण तें नीटनेटक्या तक्त्यांपायीं घालविलें.

आतां करतां येण्याजोगें काय आहे? जुना फड जसाच्या तसा परत येईल असें मी म्हणत नाहीं. विहिरी बुजवा म्हणून सांगणारा मनुष्य कोणत्याही गांवांत टिकणार नाहीं. पण ज्या गांवांत बंधारा शाबूत आहे व निदान दोन फड तरी एका चारीवर भिजतात, तेथें तीन गोष्टी कागदोपत्रीं होऊं शकतात, व कागदाविषयीं बोलण्याचा मला थोडाफार अधिकार आहे.

वाटणीच्या वेळीं प्रत्येक भावास प्रत्येक चालू फडांत हिस्सा ठेवावा. कायद्यानें ठरविलेल्या किमान क्षेत्राखालीं तुकडा जात असेल तर जमीन एकास द्यावी, परंतु तुटीच्या सालीं भिजलेल्या क्षेत्रापैकीं दुसऱ्यानें किती कसावयाचें हें वाटपपत्रांत स्पष्ट लिहावें आणि सात-बाऱ्याच्या इतर हक्कांच्या रकान्यांत त्याची नोंद मागावी. तो रकाना बोजे लिहिण्यापुरताच आहे असा समज आहे, तो चुकीचा आहे. पाण्याचे व वाटेचे हक्कही तेथें येतात. दुसरें असें कीं, जमीन महसूल संहितेच्या १६५ व्या कलमांत वाजिब-उल-अर्ज नांवाचें एक पत्रक सांगितलें आहे. जें पाणी वा जमीन सरकारच्या किंवा स्थानिक संस्थेच्या मालकीची अथवा ताब्यांतील नाहीं, तिजवरील पाटपाण्याच्या व वाटेच्या गांवरूढी त्यांत नमूद करावयाच्या असतात. आपल्या बाजूस ह्या पत्रकाचें नांवही फारसें कोणी घेत नाहीं. ज्यांच्या पाटाची वहिवाट त्यांत बसते त्यांनीं ती नोंदवून घ्यावी. पाटकरी आबांसारखीं माणसें आहेत तोंवरच तिचा पुरावा आहे.

तिसरी गोष्ट पाणी वापर संस्थेची. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचें शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन हा कायदा २००५ सालीं झाला. त्या अन्वयें संस्थेस पाणी मोजून मिळतें, व आंत तें कसें वाटावयाचें हें बरेंचसें सभासदांवर सोपविलेलें आहे. अशी संस्था काढणाऱ्यांनीं छापील नमुन्यावर सह्या करून मोकळें होऊं नये. कोठा कमी आला तर सर्वांचें क्षेत्र सारख्या प्रमाणांत कमी होईल, व विहीरवाल्यानेंही चारी साफ करण्याचा आपला वाटा दिलाच पाहिजे, कारण त्याच्या विहिरीस चारीचेंच पाणी मुरतें, हीं दोन कलमें पहिल्याच सभेंत लिहून घ्यावींत. दुष्काळ पडल्यावर हीं कलमें कोणी मान्य करीत नाहीं. पाऊस चांगला झालेल्या वर्षींच तीं मंजूर होतात.

निवृत्तीनंतर मी त्या गांवीं मुद्दाम गेलों होतों. धाकटा भाऊ आतां राहिला नाहीं. थोरला अंगणांत बाजेवर बसला होता. त्यानें ओळखलें, चहा सांगितला, आणि जुन्या तक्त्याचा विषय काढला नाहीं. तो त्याचा मोठेपणा. बोलतां बोलतां त्याच्या मुलानें एक फेरफाराची नक्कल दाखविली. दोघां चुलतभावांनीं वरच्या फडांतील सव्वा एकर व खालच्या फडांतील सव्वा एकर यांची आपसांत अदलाबदल केली आहे. सगळी पूर्वीची वाटणी कांहीं फिरली नाहीं. दोन फडांत आतां विहिरींचेंच राज्य आहे, ते तसेच सोडले. पण ज्या दोन फडांस अजून बंधाऱ्याचें पाणी येतें, त्या दोहोंत दोघांचें पाऊल आहे. नोंद दुसऱ्या कोणा कारकुनाच्या हातची होती. मीं इतर हक्कांचा रकाना शोधला. त्यांत एक ओळ होती: पाटाचें पाणी फडाच्या पाळीप्रमाणें.